खडकातले पितळी बोल्ट

जुन्या रीडिंगशी तुलना करायची तर नवे रीडिंग त्याच जागी आणि त्याच पद्धतीने घ्यावे लागते, हे आम्हा इंजिनिअर लोकांचे बाळकडू. म्हणूनच की काय, कॅलिफोर्नियातली ही गोष्ट मला भारी आवडते.

पॅसिफिक ग्रोव्ह या गावी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हॉपकिन्स मरीन स्टेशन आहे. १९३१ ते १९३३ या काळात विलिस ह्युएट हा पीएचडीचा विद्यार्थी ओहोटी लागली की तिथल्या खडकांवर जाऊन प्राणी मोजत असे. काठापासून पाण्याकडे १०८ यार्डांची पट्टी आखायची, तिचे एकेक यार्डाचे चौकोन पाडायचे आणि चौकोनातली प्रत्येक गोगलगाय, खेकडा, समुद्रफूल मोजायचे. (खारे वारे, घसरडे शेवाळ आणि बर्फासारखे पाणी. माझी पीएचडी निदान छपराखाली झाली!) जागा सापडावी म्हणून खडकात पितळी बोल्ट बसवलेले होते.

साठ वर्षांनी रेफ सॅगरिन आणि सारा गिलमन या दोन विद्यार्थ्यांनी ते बोल्ट शोधून काढले आणि त्याच पट्टीतले १९ चौकोन पुन्हा मोजले. १९९५ साली 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आले. उष्ण पाण्यातल्या नऊ दक्षिणी जातींपैकी आठ वाढल्या होत्या, थंड पाण्यातल्या आठ उत्तरी जातींपैकी पाच घटल्या होत्या. काठच्या पाण्याचे सरासरी तापमान त्या साठ वर्षांत पाऊण अंश सेल्सिअसने चढले होते. ह्युएटला यातले काहीच शोधायचे नव्हते. त्याने फक्त नीट मोजले, आणि कुठे मोजले ते लिहून ठेवले.

पण साठ वर्षे सलग मोजणार कोण? पीएचडी पाच वर्षांत उरकते, संशोधनाचा निधी त्याहून लवकर. शेजारच्या सांताक्रूझचे प्राध्यापक जॉन पिअर्स १९७० च्या दशकापासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन किनाऱ्यावर मोजणी करत. पुढे त्यांनी शाळकरी मुले आणि शिक्षकांनाही त्यात ओढले. त्यातूनच 'लिम्पेट्स' हा उपक्रम उभा राहिला. आता मुले खडकावर चौकट ठेवतात आणि आत काय काय आहे ते मोजतात. पोरासोरांचे आकडे म्हणून नाके मुरडणारे असतात. मला विचाराल तर दरवर्षीचा थोडा ओबडधोबड आकडा हा न घेतलेल्या अचूक आकड्यापेक्षा केव्हाही बरा.

२०१३ मध्ये याच किनारपट्टीवर तारामासे विरघळल्यासारखे होऊन मरू लागले. कारणीभूत जीवाणू सापडायला २०२५ उजाडले, पण किती तारामासे गेले हे सांगता आले, कारण आधी किती होते ते कुणीतरी मोजले होते.

आपल्या मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून गिरगाव, हाजी अलीच्या ओहोटीत फिरून नोंदी ठेवू लागली. सागरी किनारा रस्त्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. म्हणजे भरावाच्या आधीचे जेमतेम एक वर्ष हाती लागले.