नवा अवयव आणि जुनीं हाडें

इ. स. १९५४ च्या डिसेंबरची २३ वी तारीख वैद्यकाच्या इतिहासांत संस्मरणीय ठरली. त्या दिवशीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं, पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयांत, डॉ. जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनीं रोनाल्ड हेरिक याचें एक मूत्रपिंड त्याचा भाऊ रिचर्ड याच्या शरीरांत बसविलें. दोघे एकरूप जुळे. त्यामुळें रिचर्डच्या शरीरानें तें परकें मानलें नाहीं, व तें टिकविण्यासाठीं कोणतेंही औषध लागलें नाहीं. तो पुढें आठ वर्षें जगला.

परंतु असें जुळें भावंड किती जणांना लाभणार? इतरांचें शरीर नव्या अवयवास शत्रु समजून त्याचा नाश करी. ही प्रतिकारशक्ति आवरून धरणें हाच उपाय होता. १९६३ च्या सुमारास डेन्व्हर येथें डॉ. टॉमस स्टार्झल यांनीं ॲझाथायोप्रिन या औषधास प्रेडनिसोनची जोड दिली, आणि जुळें नसलेल्या माणसाचें मूत्रपिंडही टिकूं लागलें.

प्रेडनिसोन हें कॉर्टिसोनच्या कुळांतील औषध. या कुळाचें अस्थींशीं असलेलें वैर अगदींच अज्ञात नव्हतें. १९३२ सालीं डॉ. हार्वे कुशिंग यांनीं एका विलक्षण रोगाचें वर्णन केलें होतें. त्यांत चेहरा गोल होई व मणके दुबळे होऊन कणा वांके. अशाच जातीचा अंतःस्राव शरीरांत अति झाल्यानें हा रोग होतो, हें पुढें सिद्ध झालें. अवयव टिकविण्यासाठीं तोच अतिरेक आतां वैद्यांना जाणूनबुजून करावा लागला.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्यांत जुना भाग खणून काढणाऱ्या व नवा बांधणाऱ्या पेशी अहोरात्र राबत असतात. प्रेडनिसोननें बांधणाऱ्या पेशी घटतात, व आंतड्यांतून कॅल्शियमही कमी शोषलें जातें. ही झीज पहिल्या वर्षभरांत सर्वांत वेगानें होते; मणके व बरगड्या प्रथम बळी पडतात. मूत्रपिंडाच्या रोग्याचीं हाडें तर बहुधा शस्त्रक्रियेपूर्वींच बिघडलेलीं असतात; कारण ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणें हें मूत्रपिंडाचेंच काम. कित्येकांच्या मांडीच्या हाडाचा गोल माथा रक्तपुरवठा तुटून खचला, आणि नवें मूत्रपिंड उत्तम चालत असतां माणूस मात्र लंगडा झाला.

१९७८ सालीं केंब्रिज येथें सायक्लोस्पोरिन हें नवें औषध रुग्णांस देण्यांत आलें. पुढें त्यामुळें प्रेडनिसोनची मात्रा उतरवितां आली. रुग्ण वर्षानुवर्षें जगूं लागले, आणि जीव वांचविण्याच्या धांदलींत मागें राहिलेला हाडांचा प्रश्न पुढें आला. आज क्ष-किरणांनीं अस्थींची घनता मोजतात. कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व, चालण्याचा व्यायाम, आणि जरूर तेथें झीज रोखणारीं औषधें यांची योजना करतात. मात्र हाडांच्या भीतीनें रुग्णानें आपण होऊन प्रेडनिसोन सोडणें घातक. त्यांत मिळालेला अवयवच गमावण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रिया कांहीं तासांत आटोपते. ज्याला जीवदान मिळालें, त्याला स्वतःच्या पायांवर चालता ठेवणें हें मात्र जन्मभराचें काम आहे.