तटाखालचे सुरुंग

वसईच्या मोहिमेचा वृत्तांत देताना आमचे इतिहासकार तोफांचा धडाका, चिमाजी आप्पांचा निर्धार आणि अखेरीस पोर्तुगीज फिरंग्यांनी उभारलेले पांढरे निशाण यांवर पानेच्या पाने खर्ची घालतात. परंतु मे 1739 मध्ये खुष्कीच्या अंगाला, सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजापाशी जे खिंडार पडले, त्याचे श्रेय तोफगोळ्यांपेक्षा जमिनीखालून चर खणीत तटाच्या पायापर्यंत पोचलेल्या सुरुंगवाल्यांना अधिक द्यावे लागेल. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, आणि मागाहून उडाले तेव्हा खिंडारातून आत शिरणाऱ्या मराठ्यांचाच त्यात घात झाला. आज भग्न तट पाहणाऱ्याच्या नजरेत दगडांचे ढीग भरतात, सुरुंगाची वाट मात्र कोणालाच दिसत नाही. मोठे अवशेष पाहून त्यांनाच कारण समजण्याची ही खोड केवळ इतिहासकारांची आहे असे मात्र नव्हे. मेंदूच्या एका व्याधीचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांनीही याच खोडीपायी कित्येक दशके घालविली.

ती व्याधी म्हणजे म्हातारपणाचा स्मृतिभ्रंश. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत पेशींच्या अवतीभवती साचलेली पुटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ती विद्वानांच्या सभेत मांडली. तत्पूर्वी 1854 मध्ये विर्चो यांनी अशाच साक्याला आयोडिनचा रंग चढतो हे पाहून तो पिष्टमय असावा असा समज करून घेतला आणि त्याला ‘अमिलॉइड’ म्हटले. पाचच वर्षांत तो पदार्थ प्रथिनासारखा असल्याचे सिद्ध झाले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. पुढे 1922 मध्ये बेन्होल्ड यांना, सुती कापड रंगविण्यासाठी बाजारात आलेला काँगो रेड हा रंग या साक्याला घट्ट धरतो असे आढळले. ध्रुवित प्रकाशात तो साका हिरव्या सफरचंदाच्या रंगाने चमकू लागला, आणि जे चमकते तेच अपराधी, अशी जणू सरकारी नोंद होऊन गेली.

या नोंदीला छेद देणारा पुरावा दप्तरात होताच. कित्येक वृद्धांच्या मेंदूत पुटांचा खच असूनही त्यांची स्मृती मरेपर्यंत शाबूत राहिली होती. ग्लेनर आणि वाँग यांनी 1984 मध्ये हा साका ज्याचा बनतो ते मूळ प्रथिन वेगळे काढले: अवघ्या चाळीस-बेचाळीस अमिनो आम्लांची साखळी, आणि तीही परकी नव्हे. पेशीच्या आवरणात रोवलेल्या एका मोठ्या प्रथिनाचे दोन ठिकाणी छेदन होऊन ती सुटते, आणि तिच्या शेपटाकडचा भाग तर त्या आवरणाच्या गाभ्यातूनच निघालेला असतो. फितुरी घरातलीच, असे म्हणावयास हरकत नाही.

हे आवरण म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुपदरी पडदा, जाडी सुमारे पाच नॅनोमीटर. त्याच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी अधिक असते, आणि ही तफावत राखण्यावरच पेशीचे जीवित अवलंबून असते. अरिस्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये कृत्रिम पडद्यावर हे प्रथिन सोडले तेव्हा त्यातून कॅल्शियमला वाट करून देणारी छिद्रे पडली. पुढील संशोधनाने संशयाचा रोख साक्यातील लांबलचक तंतूंकडून वळवून त्याच प्रथिनाच्या मोजक्या रेणूंच्या लहान टोळक्यांकडे नेला. ही टोळकी कधी पडद्यात नळीसारखी घुसतात, कधी पृष्ठभागावर पसरून तो पातळ करतात. मधुमेहात स्वादुपिंडातील पेशींवर जमणारे त्याच जातीचे दुसरे प्रथिन तर पडद्यावरच तंतू वाढविता वाढविता तो फाडीत जाते, असेही दिसून आले आहे. मेंदूतील ही टोळकी पडद्यातील गँग्लिओसाइड नावाच्या काही स्निग्ध रेणूंजवळ विशेषेकरून गोळा होतात. तटाच्या कोणत्या अंगास सुरुंग लावावा हे जणू त्यांना ठाऊक असते.

विरारहून लोकलने चर्चगेट गाठून पुढे कुलाब्यास गेले की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तेथे सुदिप्त मैती यांच्या गटाने चांदीच्या अतिसूक्ष्म कणांभोवती स्निग्ध पडदा गुंडाळला, त्यावर ही टोळकी बसविली आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून पडद्याला चिकटल्यावर त्यांची ठेवण कशी असते याचा माग काढला. ते काम 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. खिंडार पाडणाऱ्याचे रूप खिंडारातच पाहावे, ही युक्ती मला फार मोलाची वाटते. पवईच्या आयआयटीतील समीर माजी यांच्या नावावरील 2009 चे संशोधन मात्र गाडी उलट्या दिशेला हाकते: पिट्यूटरी ग्रंथीतील कित्येक संप्रेरके अमिलॉइडच्या रूपातच कोठारात साठविलेली असतात आणि गरज पडताच सुटी होतात. म्हणजे पदार्थाची जात एकच. तिचे पाप-पुण्य ठरते ते ती कोठे आणि कोणत्या अवस्थेत आहे यावरून.

आता रुग्णांच्या सांभाळाकडे वळू. पोर्तुगीज अमदानीत वसईच्या कोटात मिझेरिकॉर्दिया नावाची धर्मादाय संस्था रुग्ण, विधवा आणि निराधारांची तरतूद करी. पुढील काळात वाडीवस्तीवरचा विसरभोळा म्हातारा ‘साठी बुद्धी नाठी’ एवढ्या निदानावर घरातच राही, आणि वाट चुकलाच तर शेजारीपाजारी त्याला हाताला धरून आणीत. आता आगरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, घरातली माणसे पहाटेच्या गाडीने मुंबईस जाऊ लागली, आणि नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस राजोडी येथे ‘स्नेहांजली’सारखे, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणारे निवासस्थान निघाले. औषधाचे म्हणाल तर, अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालेले लेकॅनेमॅब हे औषध तंतू पुरते जमण्यापूर्वीच्या पुंजक्यांना विशेषेकरून धरते. त्याने ऱ्हासाचा वेग काहीसा मंदावतो, गेलेली स्मृती परत येत नाही, आणि मेंदूला सूज येण्याचा वा तेथे रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार तपासणी करीत राहावे लागते.