सूड आणि ताळेबंद

घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला कापूरबावडीहून सुटलेली बस वाघबीळला कधी पोहोचेल, हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. परवा अशाच एका बसच्या खिडकीत बसलो होतो. शेजारी नव्या मोटारी वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर मेट्रोच्या खांबाशी अडकला होता. वर-खाली मिळून आठ गाड्या, सीटवरचं प्लास्टिक तसंच, पुढच्या काचेला चिकटवलेला कागद फडफडतोय. तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या सरांनी ती गोष्ट पुन्हा पाठवली होती. सर म्हणजे निवृत्त शिक्षक. अख्खी इमारत त्यांना सरच म्हणते. ९ ऑक्टोबर २०२४ ला रतन टाटा गेले, तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी ती गोष्ट येतेच.

गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. साल १९९९. इंडिका बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, प्रतिसाद मनासारखा नाही. मोटारींचा विभागच विकून टाकावा असं ठरतं आणि टाटा आपल्या माणसांना घेऊन डेट्रॉइटला फोर्डच्या दारात जातात. तिथे ऐकून घ्यावं लागतं की कळत नसताना या धंद्यात पडलातच कशाला, तुमचा विभाग घेतला तर आम्ही तुमच्यावर उपकारच करू. टाटा मुकाट्याने परततात. नऊ वर्षांनी फोर्ड अडचणीत येते, टाटा तिच्याकडून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतात, आणि या खेपेला उपकाराची भाषा फोर्डच्या तोंडी असते. अपमान गिळला, जिद्द धरली, म्हणून जगातली एक नामांकित मोटार कंपनी मंदीतून वाचली. खाली जोडलेले दोन हात आणि एक तिरंगा.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग त्याला लोळवायचं, याला शास्त्रार्थात लबाडी म्हणतात. म्हणून आधी त्याचं बळ सांगतो. ही गोष्ट कुणी घरबसल्या रचलेली नाही. २०१४ चा यशवंतराव चव्हाण राष्ट्रीय पुरस्कार रतन टाटांच्या वतीने स्वीकारताना प्रवीण काडले यांनी ती जाहीरपणे सांगितली, आणि डेट्रॉइटला गेलेल्या चमूत काडले स्वतः होते. हजर असलेल्या माणसाची साक्ष मी मानतो. बैठक झाली, बोलणी लागण्यासारखी झाली, टाटांच्या जिव्हारी लागलं, हे सगळं मान्य. जग्वार-लँड रोव्हरचं पुढे खरोखर भलं झालं, हेही मान्य. माझं भांडण आहे ते या दोहोंच्या मधे बसवलेल्या 'म्हणून' या शब्दाशी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते तेव्हाही फांदी कावळ्याने मोडली असं शहाणा माणूस म्हणत नाही. इथे तर कावळा १९९९ मध्ये बसला आणि फांदी मोडली २००८ मध्ये.

आधी फोर्डचं बघू. तिने जग्वार १९८९ मध्ये अडीच अब्ज डॉलरला घेतली होती आणि लँड रोव्हर २००० मध्ये बीएमडब्ल्यूकडून २.७ अब्जांना. २ जून २००८ ला दोन्ही मिळून टाटा मोटर्सच्या हवाली केल्या २.३ अब्जांना, आणि त्यातलेही सुमारे ६० कोटी डॉलर कामगारांच्या पेन्शन निधीत घातले. आकडे एवढेच पाहिले तर फोर्ड बुडाली असं वाटेल. पण बोइंग सोडून फोर्डमध्ये आलेल्या ॲलन मुलाली यांनी २००६ च्या अखेरीस, बाजार अजून बरा असताना, कारखान्यांपासून निळ्या लंबगोल बोधचिन्हापर्यंत सगळं गहाण टाकून २३.६ अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं होतं. मग पसारा आवरायला घेतला. २००७ मध्ये ॲस्टन मार्टिन विकली, २००८ मध्ये या दोन, २०१० मध्ये व्होल्वो. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीच्या कोर्टात उभ्या होत्या तेव्हा फोर्ड तिथे नव्हती. लेहमन ब्रदर्स कोसळायच्या साडेतीन महिने आधी रोख पैसे हातात पाडून घेणारा गिऱ्हाइकाच्या पाया पडला, असं म्हणायला धाडस लागतं. वेळ साधली होती विकणाऱ्याने.

आणि चुकली होती घेणाऱ्याची. टाटा मोटर्सने या खरेदीसाठी तीन अब्ज डॉलरचं अल्प मुदतीचं कर्ज घेतलं होतं. ते फेडायला ४,१०० कोटींहून थोडे जास्त रुपये हक्कभाग विकून उभे करायचे ठरले. साधा शेअर ३४० रुपयांना. १५ सप्टेंबरला लेहमन गेली. महिनाअखेरीस विक्री खुली झाली तेव्हा बाजार गडगडत होता, आणि ती चालू असतानाच भाव ३४० च्या खाली गेला. बाजारात स्वस्त मिळणारी वस्तू कंपनीकडून महाग कोण घेईल? मोठा वाटा प्रवर्तकांना आणि हमीदारांनाच उचलावा लागला. वर्ष संपताना भाव दीडशेच्या आसपास होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिंगूरचा नॅनोचा कारखाना अर्धवट सोडून साणंदला न्यावा लागला. पुण्याच्या कारखान्यात 'ब्लॉक क्लोजर', म्हणजे काही दिवस काम बंद, लागले. २००८-०९ चा एकत्रित तोटा २,५०५ कोटींचा.

वागळे इस्टेटमधल्या माझ्या एका मित्राचं प्रेसचं छोटं शॉप होतं, चार मशिनं आणि सात माणसं. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीला तो ब्रॅकेट पुरवायचा. त्या दिवाळीच्या आठवड्यात त्याने मला महिन्याचं शेड्यूल दाखवलं होतं. आठ हजारांच्या जागी अकराशे. फॅक्सचा गुळगुळीत कागद, त्यावर पेनने मारलेली काट आणि शेजारी नवा आकडा, खाली सही. "पेमेंट नव्वद दिवसांवर नेलंय," तो म्हणाला, "आणि मला पत्रावाल्याला रोख द्यावे लागतात." मोटार कंपनीतली मंदी म्हणजे काय, हे मला त्या कागदावरून कळलं. पुस्तकातून कळलं ते नंतर. गाड्या यार्डात उभ्या राहतात, त्यांत अडकलेला पैसा मोकळा होत नाही, आणि त्याची कळ वरून खाली उतरत शेवटच्या प्रेसवाल्यापर्यंत येते. तिथे कुणाच्या अपमानाचा आणि जिद्दीचा प्रश्न नसतो, या शुक्रवारी पैसे आहेत का एवढाच असतो.

मग कंपनी तरली कशी? पैशाची वाट अनेक दिशांनी निघाली, आणि तिच्यातला थोडा पैसा आपल्याच गल्ल्यांमधून गेला. डिसेंबर २००८ पासून टाटा मोटर्सने लोकांकडून मुदत ठेवी घेतल्या, तीन वर्षांना ११ टक्के व्याजाने. पेन्शनवाल्यांनी रांगा लावून फॉर्म भरले. मे २००९ मध्ये उरलेल्या परदेशी कर्जाची सोय झाली ती स्टेट बँकेच्या हमीवर काढलेल्या रोख्यांमुळे. ब्रिटनमध्ये, जग्वार-लँड रोव्हरकडे, केपीएमजी आणि रोलँड बर्गर या सल्लागार कंपन्यांना बोलावून रोख रक्कम आणि खर्च यांची वीण घट्ट केली गेली. मार्च २००९ मध्ये तिथल्या कामगारांनी पगारवाढ गोठवणं आणि चार दिवसांचा आठवडा मतदानाने मान्य केला. बदल्यात दोन वर्षं कुणालाही सक्तीने घरी न पाठवण्याची हमी घेतली. ही माणसं आपल्या फॉरवर्डमध्ये कुठेच नसतात. युरोपियन गुंतवणूक बँकेच्या ३४ कोटी पौंडांच्या कर्जाला ब्रिटिश सरकारची हमी मिळवायची बोलणी महिनोन् महिने चालली. सरकारच्या अटी जाचक वाटल्या तेव्हा ऑगस्ट २००९ मध्ये ती वाट सोडून दिली.

पौंडाचा वाटाही मोठा होता. कारखाने ब्रिटनमध्ये आणि बहुतेक गिऱ्हाईक बाहेर, अशी जग्वार-लँड रोव्हरची ठेवण. २००८ च्या उन्हाळ्यात सुमारे दोन डॉलरचा असलेला पौंड २००९ च्या आरंभी दीड डॉलरच्याही खाली आला. म्हणजे मजुरी आणि वीजबिल पौंडात, विक्री डॉलरमध्ये, आणि मधला फरक आपोआप खिशात. त्यात चीनने मंदीवर उतारा म्हणून तिजोरी उघडली आणि २००९ मध्ये अमेरिकेला मागे टाकून तो जगातला सगळ्यात मोठा मोटार-बाजार झाला. उंच, महागड्या गाड्यांची तिथे ओढ लागली. मग २०११ मध्ये आली रेंज रोव्हर इव्होक, कंपनीचे दिवस पालटणारी गाडी. तिचा नमुना जानेवारी २००८ मध्ये डेट्रॉइटच्याच प्रदर्शनात लोकांनी पाहिला होता. तेव्हा मालक होती फोर्ड. जिच्यावर सूड उगवला म्हणतात, तिच्याच घरात ती गाडी पोटात वाढत होती. २०१०-११ मध्ये टाटा मोटर्सचा एकत्रित नफा ९,२७४ कोटींवर गेला, त्यात या सगळ्यांचा हिस्सा आहे.

कारण ठरवायला आपल्याकडे अन्वय-व्यतिरेकाची जुनी कसोटी आहे. कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे, नसेल तिथे दिसता कामा नये. नेत्याची दुखावलेली जिद्द ही या कसोटीवर घासून पाहा. नॅनोमागे तोच नेता होता, तीच जिद्द होती, वर सिंगूरचा ताजा घाव होता. २३ मार्च २००९ ला गाडी थाटात आली, वर्षाला अडीच लाख गाड्यांचा कारखाना उभा राहिला, आणि विक्री त्या आकड्याच्या जवळपासही गेली नाही. २०१८ नंतर गाडी बंदच झाली. म्हणजे जिद्द होती, यश नव्हतं. मुलालींचा कुणी अपमान केल्याचं ऐकिवात नाही आणि तरी त्यांनी फोर्ड वाचवली. २०१८-१९ मध्ये तीच जग्वार-लँड रोव्हर, तीच मालकी, आणि करपूर्व तोटा ३.६ अब्ज पौंडांचा. चीनची मागणी आटली होती, डिझेल गाड्या लोकांच्या मनातून उतरल्या होत्या. सूडाची धार तोवर बोथट झाली होती, असा खुलासा कुणी देणार असेल तर मी हात टेकले.

दूर कशाला, आपल्याच जिल्ह्यात बघा. कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीकर ज्याला अजून 'प्रीमियर'चं मैदान म्हणतात तिथे राजकीय सभा होतात आणि आजूबाजूला टॉवर उभे आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि प्यूजो ३०९ ही गाडी इथे कल्याणच्या कारखान्यात तयार होऊ लागली. काही वर्षांत सगळं आटोपलं. संपाने कंपनी घालवली, हे त्यावरचं डोंबिवलीतलं ठरलेलं उत्तर. कामगारांशी भांडण होतंच, पण १९८५ मध्ये युरोपात आलेली आणि तिथे निवृत्त झालेली गाडी इथे नवी म्हणून विकायची, समोर मारुती आणि रोज उतरणारी नवी परदेशी मॉडेलं, आणि घरात प्यूजोसोबत फियाटचाही संसार, हा हिशोब संप नसता तरी जुळवणं कठीण होतं. गंमत म्हणजे प्यूजोचं डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये बसून आलं आणि चांगलं चाललं. तिकडे एक नायक, इकडे एक खलनायक. ताळेबंद वाचायचे कष्ट दोन्हीकडे वाचतात.

मग नेत्याने, म्हणजे टाटांनी, काहीच केलं नाही का? केलं, आणि ते सूडाच्या नेमकं उलट होतं. जिंकलेल्या गडावर आपला किल्लेदार बसवायची हौस त्यांनी केली नाही. जुन्याच व्यवस्थेतले डेव्हिड स्मिथ जग्वार-लँड रोव्हरचे प्रमुख राहिले. २०१० मध्ये राल्फ स्पेथ आले तेही याच धंद्यात मुरलेले. रोकड आटत असताना सगळ्यात सोपी कात्री नव्या गाड्यांच्या संशोधनावर चालते, कारण त्याची जखम चार वर्षांनी दिसते. ती कात्री पूर्ण चालू दिली नाही. तोट्याच्या ऐन भरात, जुलै २००९ मध्ये, जग्वारची नवी एक्सजे लंडनमध्ये लोकांसमोर आली. माझ्या लेखी हे धैर्य डेट्रॉइटच्या मौनापेक्षा मोठं आहे. त्याचं फॉरवर्ड होत नाही एवढंच.

आणखी एक. टाटा मोटर्सचं अग्निदिव्य खरं तर २०००-०१ मध्ये झालं होतं, ५०० कोटींचा तोटा झाला तेव्हा. त्यातून कंपनी खर्चाची एकेक बाब सोलून बाहेर निघाली, आणि त्या सोलण्यात कंपनीचा अर्थव्यवहार सांभाळणारे प्रवीण काडले आघाडीवर होते. पुरस्काराच्या व्यासपीठावरून गोष्ट सांगणारेच ते. मीमांसक स्तुतिपर वाक्याला अर्थवाद म्हणतात; ते खोटं नसतं, पण त्यावरून विधी, म्हणजे कृतीचा नियम, काढायचा नसतो. सत्कारात अर्थवादच शोभतो. आपण त्याचा विधी करून टाकला, आणि हिशोबनिसाने स्वतःचं काम मोठेपणाने झाकलं ते आपल्या लक्षात आलं नाही.

हे सगळं मी सरांना सोसायटीच्या बागेतल्या बाकावर ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो, पण जानेवारी २००९ मध्ये मी दोन लाख ठेवले होते ना त्यांच्याकडे. सगळे वेड्यात काढत होते."

मी विचारलं, "सर, तेव्हा ही डेट्रॉइटची गोष्ट माहीत होती तुम्हाला?"

"तेव्हा कुठे? ती तर आता-आता ऐकली."

"मग ठेवले कशाच्या जोरावर?"

"नाव टाटांचं," सर म्हणाले, "आणि ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त." तीन वर्षांनी व्याजासकट पैसे वेळेवर आले. त्यांत थोडी भर घालून सरांनी मोटार घेतली. ती अजून आमच्या पार्किंगमध्ये, बी विंगच्या खांबाशी, कव्हर घालून उभी असते. वॅगन आर.