शाबानमधला हिशेब

रमजानची तयारी म्हटलं की खजूर, शेवया, बाजारातली गर्दी आठवते. पण तयारीचा खरा महिना त्याच्या आधीचा, शाबान. त्यात बायकांचं एक जुनं काम असतं.

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स. 624 मध्ये, मदिनेत रमजानचे रोजे फर्ज झाले. पाळीच्या दिवसांत रोजा धरत नाहीत; ते नंतर भरून द्यायचे, त्याला कजा म्हणतात. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांनी सांगितलंय की, राहिलेले रोजे त्यांना शाबानमध्येच धरायला जमायचं. बुखारींच्या हदीस-संग्रहात ही नोंद आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या बाईची धावपळ एवढ्याशा वाक्यात कळते बघा! आजही शाबान लागला की बायका बोटांवर मोजतात, किती झाले, किती राहिले.

दुसरा हिशेब चंद्राचा. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून ऋतू सांभाळतात, हिजरीत तो नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2030 मध्ये तो जानेवारीत लागेल आणि डिसेंबरअखेर पुन्हा! शेवया करणाऱ्या गटांनी हे डायरीत लिहून ठेवावं. शेवया वाळवायला ऊन एप्रिल-मेचं, ईद मात्र थंडीत. म्हणजे गव्हाचे पैसे उन्हाळ्यातच लागणार. तेव्हा कर्जाचा अर्ज मार्चच्या बैठकीतच द्या.