मोक्षपटापासून पडद्यापर्यंत

त्र्यंबकेश्वर हें नांव उच्चारतांच ब्रह्मगिरि, गोदावरीचा उगम आणि ज्योतिर्लिंगाचें काळ्या पाषाणाचें मंदिर डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या क्षेत्राचें एका साध्या खेळाशींही दूरचें नातें आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेस निघालेल्या विठ्ठलपंतांच्या कुटुंबांतील निवृत्तिनाथ वाघाच्या भयानें एका गुहेंत शिरले आणि तेथें त्यांस गहिनीनाथांचा अनुग्रह लाभला, अशी कथा आहे. पुढें शके १२१९, म्हणजे इ. स. १२९७ मध्यें, त्यांनीं त्र्यंबकेश्वरींच समाधि घेतली. या निवृत्तिनाथांचे धाकटे बंधु व शिष्य ज्ञानेश्वर यांनीं मोक्षपट हा खेळ रचला, असें महाराष्ट्रांतील परंपरा मानते. या समजुतीस समकालीन लेखी आधार नाहीं. पण ती इतकी दृढ आहे कीं, हा खेळ मराठी माणसास आपल्या घरचाच वाटत आला आहे.

मोक्षपट म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज. पटावर घरें आंखलेलीं. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचें स्थान मोक्षाचें. साहित्य काय, तर रंगविलेला कापडाचा किंवा कागदाचा पट, कांहीं कवड्या आणि सोंगट्या. पट एकदां घरांत आला कीं तो घरचा झाला. तो शेजाऱ्यास उसना देतां येई, लेकीबरोबर सासरीं धाडतां येई, आणि फाटलाच तर त्यावरून दुसरा काढतां येई. खेळावयास कोणाची अनुज्ञा लागत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडांत छापील पटावर गेला, त्याचा अध्यात्माचा रंग उतरला, आणि तो मुलांची करमणूक म्हणून जगभर पसरला. पच्चिशीचीही तीच गत झाली. तिचें इंग्रजी रूप १८९६ सालीं ‘लुडो’ या नांवानें नोंदलें गेलें.

खेळ हातांत असण्याचें महत्त्व किती, याचें उदाहरण सावंतवाडींत आढळतें. तेथील हातानें रंगविलेल्या गोल गंजिफांचा हुन्नर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोप पावण्याच्या बेतांत होता. शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं एका वृद्ध कारागिराकडून तो शिकून घेतला आणि राजवाड्यांत पुन्हां चालू केला. जुने संच आणि जाणता हात हीं दोन्ही शिल्लक होतीं, म्हणूनच हें साधलें.

पडद्यावरचे खेळ आले तेव्हांही आरंभीं ही रीत मोडली नव्हती. १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या घरांतून दूरदर्शनसंचास जोडावयाचीं खेळयंत्रें आलीं. त्यांच्या कॅसेटी मुलें एकमेकांत बदलून घेत. एखादी चालेनाशी झाली कीं तिच्या तोंडावर फुंकर मारून ती पुन्हां बसवीत. मागाहून तबकड्या आल्या आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत त्यांची खरेदीविक्री होऊं लागली. वस्तु बदलली, पण विकणाऱ्याचा हक्क दुकानाच्या उंबऱ्याशीं संपत होता.

हा उंबरठा पुसला गेला तो हळूहळू. व्हाल्व या अमेरिकन कंपनीनें सप्टेंबर २००३ मध्यें ‘स्टीम’ ही व्यवस्था सुरू केली. पुढील वर्षीं निघालेला ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ तबकडीवर घेणाऱ्यासही आधीं तिच्याकडे नोंद करावी लागे. तबकडी घरांत, पण किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही स्थिति होती. नोव्हेंबर २०२० मध्यें सोनी व मायक्रोसॉफ्ट या दोघांनींही तबकडी घालावयाची सोयच नसलेलीं यंत्रें विक्रीस काढलीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें ‘ॲलन वेक २’ हा मोठा खेळ तबकडीवांचूनच प्रसिद्ध झाला. ती पुढें वर्षभरानें निघाली.

या पालटांत लाभ नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्र्यंबकेश्वरच्या मुलास आतां खेळासाठीं मुंबईची वाट धरावी लागत नाहीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० सालीं जगभर पोहोंचला, तो या नव्या मार्गानेंच. नवी मुंबईंत तयार झालेल्या, २०१६ सालच्या ‘लुडो किंग’नें तर पच्चिशीचें आणि सापशिडीचें नवें रूप हातांतल्या फोनवर आणलें. २०२० च्या टाळेबंदींत दूरदूर अडकलेलीं कुटुंबें त्यावर एकत्र खेळलीं.

परंतु या सोयीची किंमत निराळ्या रीतीनें द्यावी लागते. निंटेंडो कंपनीनें मार्च २०२३ च्या अखेरीस आपल्या दोन जुन्या यंत्रांचें विक्रीदालन मिटलें; जे खेळ केवळ तेथेंच मिळत, ते नव्यानें विकत घेण्याचा मार्ग खुंटला. युबिसॉफ्टनें मार्च २०२४ च्या अखेरीस ‘द क्रू’ हा खेळ बंद केला, तेव्हां ज्यांच्यापाशीं त्याची तबकडी होती त्यांचीही ती निरुपयोगी ठरली. कारण कंपनीच्या यंत्राशीं जोडणी असल्यावांचून तो खेळ चालतच नसे. ग्राहकानें पैसे मोजले होते ते वस्तूसाठीं नव्हे, तर परवानगीसाठीं. हा भेद विक्रेत्यानें ग्राहकास स्पष्ट सांगितला पाहिजे, असा कायदा कॅलिफोर्नियांत १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या २०२३ सालच्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं सुमारें ८७ टक्के बाजारांत मिळतच नाहींत. त्यांतील पुष्कळ आज पाहावयास सांपडतात ते कोणीतरी जपून ठेवलेल्या कॅसेटींमुळें व तबकड्यांमुळें. ज्यांची अशी प्रत निघालीच नाहीं, ते पुढील पिढीस कोठें सांपडावेत?

मोक्षपटाचा कर्ता कोण याचा निर्णय लागो वा न लागो. तो खेळ टिकला याचें कारण उघड आहे. त्याची प्रत करणारे हात गांवोगांव होते, आणि त्या हातांस कोणी अडविलें नाहीं. कापडाची जागा पडद्यानें घेतली म्हणून शोक करण्याचें कारण नाहीं. मात्र पट विणणारा आपलें दुकान बंद करतांना घरोघरचे पटही उचलून नेऊं शकतो, अशी रीत पूर्वीं कधींही नव्हती. ती पडूं द्यावी कीं नाहीं, हें ठरविण्याची वेळ अद्यापि गेलेली नाहीं.