रक्तांतील स्नेह आणि मुलांचा दमा

गेल्या श्रावणांतली गोष्ट. आमच्या जठारपेठेंत शेजारच्या घरीं नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. पावसाळी हवा पडली कीं त्याचा ऊर धपापूं लागतो. त्याच्या रक्ताची तपासणी झाली, तींत स्नेहांश वाजवीपेक्षां अधिक निघाला, आणि त्याच दिवशीं घरच्या आजीबाईंनीं त्याच्या पानावरचें तूप बंद केलें. सायंकाळीं मुलाची आई तो कागद घेऊन आली. "गुरुजी, तुपानंच दमा होतो का हो?" मी वैद्य नव्हें, मॅट्रिक झालेला निवृत्त शाळामास्तर. परंतु हा प्रश्न कोठून निघाला व कोठवर पोंचला, हा इतिहास आहे, आणि तो सांगावयास वैद्य असावें लागत नाहीं.

आजीबाईंचा नियम निराधार नव्हता. चरकानें श्वासाचे पांच प्रकार सांगितले. त्यांतला तमकश्वास म्हणजे आपला दमा. दोष त्यानें कफवाताचे मानिले, आणि उगम छातींत न धरितां पित्तस्थानांत, म्हणजे पोटांत, धरिला. जड, स्निग्ध पदार्थ वर्ज्य करण्याची चाल आपल्या घरांत पडली ती ह्याच विचारसरणींतून.

पाश्चात्त्यांची वाट निराळी. १९०६ सालीं व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यानें 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. परक्या पदार्थाशीं एकदां गांठ पडल्यावर शरीर पुढें बदललेल्या रीतीनें वागतें, एवढाच त्याचा मूळ अर्थ. ह्या वागण्यांत स्नेहाचा हात असेल हें तेव्हां कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें. १९४० सालीं मेलबर्नच्या केलावे व ट्रेथवी ह्या दोघांना गिनीपिगांच्या फुप्फुसांत असें आढळलें कीं ॲलर्जीचा झटका आला असतां तेथून एक द्रव्य पाझरतें, आणि तें स्नायूंना सावकाश पण बराच वेळ आंवळून धरितें. मात्रा इतकी अल्प, कीं त्या द्रव्याची घडण उमगावयास जवळजवळ चाळीस वर्षें गेलीं. १९७९ सालीं स्टॉकहोमच्या बेंग्ट सॅम्युएलसन ह्यांनीं दाखविलें कीं तें पेशींच्या आवरणांतील ॲरॅकिडोनिक आम्ल नांवाच्या स्नेहाम्लापासून बनतें. त्यांनीं त्यास ल्यूकोट्राइन म्हटलें. १९८२ चें नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळालें त्यांत ते होते. आज पुष्कळ मुलांना रात्रीं देतात ती माँटेलुकास्टची गोळी ह्याच द्रव्याची वाट अडविते. म्हणजे स्नेहाचा दम्याशीं संबंध खरा. परंतु तो तुपाच्या वाटींत नव्हे, पेशीच्या भिंतींत सांपडला.

आतां अकोल्याकडे येऊं. १९९४-९५ च्या सुमारास 'आयझॅक' ह्या नांवाची जागतिक पाहणी झाली. ५६ देश, १५५ केंद्रें, आणि १३-१४ वर्षांचीं ४,६३,८०१ मुलें. त्या केंद्रांत मुंबई-पुण्याबरोबर आपल्या अकोल्याचें नांव आहे, हें किती अकोलेकरांस ठाऊक असेल? प्रश्न अगदीं साधा: गेल्या बारा महिन्यांत छातींत घरघर झाली काय? उत्तर कोठें शेंकडा दोघांहून कमी मुलांनीं 'होय' असें दिलें, तर कोठें छत्तिसांहून अधिकांनीं. १९९८ सालीं निष्कर्ष छापून आले, त्यांत भारताची गणना कमी प्रमाणाच्या देशांत झाली. ब्रिटन आणि न्यूझीलंड पार वरच्या टोंकास.

इतका फरक कशानें पडावा? ब्लॅक व शार्प ह्या दोघांनीं १९९७ सालीं एक तर्क मांडला होता, आणि तो आजीबाईंच्या नेमका उलट आहे. लोण्यासारखे स्नेह कमी झाले व लिनोलिक आम्लाचीं वनस्पतिजन्य तेलें वाढलीं, म्हणून दमा वाढला असावा, असें त्यांचें म्हणणें. कारण लिनोलिक आम्लापासूनच शरीर ॲरॅकिडोनिक आम्ल तयार करितें. हें वाचतांना मला आमचें वऱ्हाडी स्वयंपाकघर आठवलें. आमच्या लहानपणीं जवसाचें तेल आणि जवसाची चटणी घरोघर असे. जवसांत लिनोलिकशीं स्पर्धा करणारें दुसरें स्नेहाम्ल विपुल असतें. मग सरकीचें तेल आलें, त्यांत निम्म्याच्या आसपास लिनोलिक. आणि आतां सोयाबीन. डालडा १९३७ पासूनचा, आणि वनस्पति तुपाचा कारखाना तर आपल्या शेगांवींही होता. १९९९ सालीं आयझॅकच्याच युरोपांतील आंकड्यांवरून असें दिसलें, कीं गोठविलेल्या तेलांतील ट्रान्स स्नेह जेथें जास्त खातात तेथें मुलांचा दमाही जास्त. तथापि देशादेशांची तुलना ती तुलनाच. लिनोलिकच्या तर्कालाही पुढील अभ्यासांनीं निर्विवाद पुष्टि दिलेली नाहीं.

राहिला रक्ताचा कागद. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनियांत सुमारें १८,००० मुलांची पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. दमेकरी मुलांच्या रक्तांत ट्रायग्लिसराइड अधिक होतें, मुलांची जाडी हिशेबांत धरूनही. पण ह्यांत कारण कोणतें आणि कार्य कोणतें? दमेकरी मूल खेळावयास कमी जातें; वारंवार स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या तर त्यांनींही रक्तांतला स्नेह वाढूं शकतो. वर्गांतही मी हें पाहिलें आहे: गैरहजर राहणारा मुलगा नापास होतो, आणि नापास झालेला गैरहजर राहूं लागतो, नुसतें हजेरीपत्रक पाहून आधीं काय घडलें तें कळत नाहीं.

हें सगळें मी त्या बाईंना सांगत बसलों नाहीं. मुलाच्या डॉक्टरांना विचारल्यावांचून कांहीं बंद करूं नका, एवढेंच म्हणालों. डॉक्टरांनीं श्वासांतून घ्यावयाचा पंप नियमित चालू ठेवावयास सांगितला, चमचाभर तूप राहूं दिलें, आणि बेकरीची खारी व बिस्किटें मात्र बंद केलीं. तुपाचा भाग आजीबाईंना अद्याप पटलेला नाहीं. रक्ताची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.