शहादा चळवळ, जमीन आणि विकास योजना

नंदुरबार जिल्ह्यातील दारिद्र्याचा इतिहास विकास योजनांपेक्षा जुना आहे. शहादा-तळोदा परिसरातील भिल्लांच्या जमिनी कर्जापायी बिगर-आदिवासींकडे गेल्या आणि मूळ मालक त्याच शेतात सालदार झाले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेने जमीन परत मागितली. त्याच दुष्काळात शासनाने रोजगार हमी दिली. मजुरी महत्त्वाचीच होती, परंतु मागणी तिची नव्हती. जमीन परत करण्याचा १९७४ चा अधिनियम १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणांपुरताच होता. तत्पूर्वी गेलेली शेते त्याच्या कक्षेबाहेर राहिली. पुढे आदिवासी उपयोजना आली, १९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हाही झाला. तरीही २०१५-१६ च्या पाहणीवर आधारित नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकात येथील ५२.१२ टक्के लोकसंख्या दरिद्री ठरली; हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते.